चौदा खुर्च्या

ज्येष्ठातला पहिला रविवार, सकाळचे नऊ. वर्गणी जमा रुपये सव्वीस. हजर माणसे चार: आमचे अप्पा, ढोल वाजवणारे रशीदचाचा, कॉर्नेट वाजवणारे व्यंकय्याकाका आणि हिशेब लिहायला मी. जागा आमचीच, मिलच्या चाळीतली बाहेरची खोली. अव्वा, म्हणजे आमची आई, हजर होती असे नेमके म्हणता येणार नाही, कारण ती आत चुलीपुढे भाकरी थापत होती. पण ठरले त्यातले निम्मे तिच्या तोंडून आतूनच ठरले, म्हणून पाचवी तिला धरते. सव्वीस रुपये म्हणजे बँडच्या संध्याकाळच्या खर्चासाठी बावन्न घरांचे प्रत्येकी आठ आणे. एकही घर बाकी नव्हते, हे आमच्या चाळीत पूर्वी कधी घडल्याचे मला आठवत नाही.

मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. आकड्यांची आवड मला तेव्हापासूनची, पुढे त्याच्यावरच पोट भरले. गाण्यातले मात्र मला काही कळत नाही. सूर बरोबर लागला की चुकला, हे मी लोकांच्या तोंडाकडे बघून ओळखते. तेव्हा या प्रकरणात संगीताबद्दल काही शहाणपणाचे असेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मी पाहिले तेवढे लिहिते.

आमच्या घराचा आवाज मोठा होता. बाहेरच्या माणसाला वाटे, यांच्याकडे रोज भांडणे होतात. खरे कारण असे, की अप्पा वीस वर्षे मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. एका छपराखाली शेकडो साचे, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय, आणि तो आवाज पाळीचे आठ तास कानांवर. तिथे काम करणाऱ्या माणसाचे कान पाच-सात वर्षांत मंद होतात, वीस वर्षांत बरेचसे जातात. चाळीतल्या सगळ्या घरांत असा एकेक माणूस होताच, त्यामुळे कोणी त्याला बहिरेपण म्हणत नसे. "कान खात्यात ठेवून आलाय" असे म्हणत. खात्यातली माणसे एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत आणि तीच रीत घरी येई. अप्पांना काही सांगायचे तर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे, तोंड नीट हलवायचे, मग आवाज काढला काय न काढला काय. अव्वा तर आवाज काढतच नसे. ती अंगणाच्या त्या टोकाला घागर घेऊन उभी असे, अप्पा या टोकाला दाढी करत असत, आणि दोघांची बाजारापासून नणंदेच्या बाळंतपणापर्यंत सगळी बोलणी होऊन जात. आम्हा भावंडांना मधल्या मधे काही ऐकू येत नसे. माझा मुलगा आजही म्हणतो, आई, तू फोनवरसुद्धा समोर माणूस उभा असल्यासारखी बोलतेस. ती सवय तिथली आहे.

आणि असल्या माणसांचा बँड होता. बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटायचे, आम्हाला नाही. चौदा जण होते, सगळे मिलमधले. लग्नसराईत पाळी बदलून, रजा टाकून ते वाजवायला जात. कधी शहरातच, कधी वैराग, माळशिरस, अक्कलकोट. लाल कोट, पितळी बटणे, आणि खाली ज्याची त्याची विजार. अप्पा क्लॅरिनेट वाजवत आणि बँडचे मास्तरही तेच. रस्त्यावर बँडच्या दोन ओळी चालत, मधे मोकळी जागा, शेवटी ढोल घेऊन रशीदचाचा. अप्पा त्या मोकळ्या जागेत सर्वांत पुढे, पण तोंड बँडकडे करून उलटे चालत. वरातीच्या वरात त्यांनी उलट्या पावलांनी पार केल्या. खड्डा आला की व्यंकय्याकाका डोळ्यांनी खुणावत आणि अप्पा बरोबर बाजूला होत. अव्वा म्हणायची, "ह्यांनी सोलापूर सगळं पाठीमागनं बघितलंय."

सराई संपली, की वाद्ये पावसाळ्यासाठी फडक्यात बांधण्याआधी बँड एक संध्याकाळ चाळीसाठी वाजवायचा. बँड याचे पैसे घेत नसे. मिलच्या चारही चाळींना एक फेरी, दारादारात ओवाळणे, शेवटी अंगणात चहा. इतकाच प्रघात होता. त्या वर्षी अप्पांनी तो मोडायचे ठरवले.

कारण घडले वैरागच्या एका लग्नात. ते अप्पांनी घरी कधी सांगितले नाही, रशीदचाचांनी अव्वाला सांगितले. उन्हाची दीड-दोन तासांची मिरवणूक काढून बँड मांडवात पोचला. अक्षता पडल्या. अप्पा मांडवाच्या कडेला एका लोखंडी घडीच्या खुर्चीवर टेकले. कोणीतरी समोर येऊन काही बोलले. अप्पांनी त्याच्या ओठांवरून वाचले, उठले, आणि बाहेर जाऊन बैलगाडीच्या सावलीत उभे राहिले. "क्या बोला मालूम?" चाचा सांगत होते. "बोला, ए बाजेवाले, ऊठ, खुर्च्या पाव्हण्यांसाठी हायत. और इने उठ गया, भाबी. एक लफ्ज नै बोला. मैं होता तो खुर्ची साथ लेके उठता."

त्यावर अव्वाने फक्त "जेवायला तरी बसवलं का?" असे विचारले. "जेवने कू बिठाया ना," चाचा म्हणाले, "सबके बाद. जमीन पर."

त्याच लग्नात आणखी एक झाले होते, तेही इथे सांगायला हवे, कारण पुढचे त्याच्यावर आहे. अप्पांचे मामा देवळात सनई वाजवत. त्यांच्याकडून अप्पांनी लहानपणी एक यमन शिकून घेतला होता आणि तो क्लॅरिनेटवर बसवला होता. पूर्ण वाजवला तर वीसेक मिनिटांचा. चालत्या वरातीत तो वाजवायची सोयच नव्हती. पंगती बसल्या की अप्पा एका बाजूला उभे राहून तो सुरू करत, आणि दरवेळी पाच-सात मिनिटांत कोणीतरी पत्रावळीवरूनच ओरडे, "मास्तर, झोप आली की! चालू काय तरी घ्या!" वैरागलाही तेच झाले. इतक्या वर्षांत हा यमन शेवटापर्यंत कोणी ऐकला नव्हता. आम्हीही नाही. घरी ते तोंडाला क्लॅरिनेट लावत नसत, शेजारचा रात्रपाळीवाला दिवसा झोपलेला असे.

तर त्या रविवारी सकाळी अप्पांनी सांगितले ते इतकेच, की यंदा फेरी काढायची नाही. पुढच्या रविवारी अंगणात फळ्यांचे स्टेज घालायचे, त्याच्यावर चौदा खुर्च्या मांडायच्या, आणि बसून वाजवायचे. शहरातल्या बागेत सरकारी बँड वाजवतो तसे. लोकांनी खाली बसून ऐकायचे. आधी दोन सिनेमातली गाणी, मग व्यंकय्याचे कॉर्नेट एकटे, आणि शेवटी यमन.

"बैठ के?" चाचांनी विचारले.

"बसून," अप्पा म्हणाले.

"अरे मियाँ, मेरा ढोल पेट पे रैता. बैठूँगा तो गोद में बच्चे सरीका लेके बजाऊँ क्या?"

"स्टुलावर ठेव की."

व्यंकय्याकाकांना कल्पना आवडली होती, पण त्यांचा स्वभाव शंकेचा. "मास्तर, लोक काय म्हणतील वो? बँडवाले खुर्चीवर आणि आपन खाली?"

"म्हनू दे. येक दिवस." अप्पा म्हणाले. "मला त्यो यमन येकदा बसून वाजवायचाय. सगळा. मग पुन्हा उभं ऱ्हातो की जल्मभर, कोन न्हाय म्हनतंय."

आतून अव्वा म्हणाली, "खुर्च्या आणा म्हणावं. चौदाच आणा, पंधरावी नको, नाहीतर मुकादम येऊन बसंल." अप्पांना ते ऐकू गेले नाही. मी समोर जाऊन सांगितले. ते हसले आणि खुर्च्या नक्की झाल्या.

पुढचा आठवडा चाळीत दुसरा विषय नव्हता. फळ्या लाकडाच्या वखारीतून फुकट मिळाल्या, परत करायच्या बोलीवर. वायर आणि बल्बचे सात रुपये झाले. चहा आणि भज्यांसाठी साडेसहा बाजूला काढले. बायकांनी स्टेजच्या पुढच्या बाजूला आपल्या घरातल्या नव्या चादरी बांधायला दिल्या, ज्या त्यांच्याच नवऱ्यांनी किंवा दिरांनी विणलेल्या होत्या, आणि कोणाची चादर मधे लावायची यावरून दोन दिवस अबोला झाला. सरावाची गरज कोणालाच वाटली नाही. सराईभर ते तीच गाणी वाजवत होते. खुर्च्या मंडपवाल्याकडून त्याच संध्याकाळी यायच्या होत्या, कारण एका दिवसाच्या वर भाडे द्यायला आमची तयारी नव्हती.

रविवारी सकाळीच अव्वाने हुग्गी घातली. आमच्याकडे सणाला करतात ती गव्हाची खीर, गूळ आणि सुके खोबरे घातलेली. सण नसताना तिने ती केलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली. दुपारी ऊन असे होते की अंगणातल्या नळाची तोटी हाताला चटका देत होती. अप्पांनी ताटभर हुग्गी खाल्ली, वर आंबील प्याले, आणि मग न झोपता क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी पाण्याच्या वाटीत भिजत घालून तिच्याकडे बघत बसले. लाल कोटाला अव्वाने इस्त्री केली होती. पांढरी विजार शेजाऱ्याची आणली होती आणि ती दोन बोटे आखूड होती.

पाचच्या सुमाराला मंडपवाला काशिनाथ हातगाडीवर खुर्च्या घेऊन आला. लोखंडी, घडीच्या, निळा रंग उडालेला. चौदा मोजून घेतल्या. दोन सरळ ओळींत मांडल्या, सगळ्यांची तोंडे लोकांकडे, बागेतल्या बँडसारखी. पुढच्या ओळीत मधोमध अप्पा, शेजारी व्यंकय्याकाका. मागे मोठे बाजे आणि सर्वांत मागे ढोल. ढोल स्टुलावर ठेवल्यावर त्याच्यामागे बसलेल्या रशीदचाचांची फक्त टोपी दिसू लागली.

सूर्य मिलच्या धुराड्यामागे गेल्यावर लोक जमू लागले. सतरंज्या, पोती, ज्याने त्याने आपापले आणले. म्हाताऱ्यांसाठी खाटा आल्या. पहिल्या पाळीची माणसे होतीच. बाजूच्या चाळींतूनही आली. तीनशेच्या आसपास डोकी असावीत. मोजली नाहीत, पण मांडीला मांडी लागली होती. बँड कोट घालून आला आणि ओळीने खुर्च्यांवर बसला. बसताना चौदाही जणांनी कोटाची मागची टोके सावरली, बागेतले लोक सावरतात तसे. कोणी त्यांना शिकवले होते कोण जाणे. अव्वा माझ्या शेजारी पहिल्या रांगेत होती.

पहिले गाणे त्या सराईत सगळ्यात जास्त वाजलेले होते. चाळीतल्या तान्ह्या पोरांनाही पाठ. अप्पांनी क्लॅरिनेट तोंडाला लावले, मान हलवली आणि गाणे सुरू झाले. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत मला काहीतरी वेगळे वाटले, पण म्हटले आपल्याला काय कळते. तिसऱ्या ओळीला कोणालाही कळावे असे झाले. क्लॅरिनेट पुढे गेले होते, ढोल मागे राहिला होता, आणि मधले बाजे कोणाच्या मागे जावे या विचारात एकेक करून गप्प बसत होते. व्यंकय्याकाका मान वळवून मागे बघत, तेवढ्यात त्यांचा सूर सुटे. गाणे कसेबसे संपले. दुसरे सुरू केले ते अर्ध्यावरच थांबले.

आमच्या मागे बायजाक्का बसली होती. चाळीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई. ती ओरडली, "मास्तर, वरात कुटं अडली वो? नवरदेव घोड्यावरनं पडला काय?"

अंगण हसले. अप्पांना ते हसणे ऐकू जाणे शक्य नव्हते, पण ते समोर तोंड करून बसले होते. ओठांवरून बोलणे वाचणाऱ्या माणसाला तीनशे तोंडे एकदम उघडलेली दिसली, की बाकी काही ऐकावे लागत नाही. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवे ठेवले. मी अव्वाकडे पाहिले. ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती, अप्पांकडेच बघत होती.

मागच्या ओळीतून रशीदचाचा उभे राहिले. "रुको, रुको. ये हमसे नै होरा."

"काय झालं बे?" व्यंकय्याकाका वळून म्हणाले. "रोज वाजवतोय की आपन!"

"रोज पाँव दिखते," चाचा म्हणाले. "मास्तर के पाँव देखके मैं ढोल मारता, मेरे पाँव देखके मास्तर फूँकता. आज मेरे कू क्या दिखरा? तेरा चाँद. तेरे टकले पे ताल धरूँ क्या?"

पुन्हा हसणे झाले, पण बँडमधला कोणी हसला नाही. त्या चौदा जणांनी एकमेकांकडे असे पाहिले, जसे काही घरातली रोजची वस्तू कुठे ठेवली ते कोणालाच आठवू नये. इतकी वर्षे ते एकमेकांचे पाय बघून वाजवत होते आणि हे त्यांच्यापैकी कोणी कधी बोलून दाखवले नव्हते. बोलायचे कारणच पडले नव्हते. अप्पा उलटे चालत ते मास्तर म्हणून तोऱ्यासाठी, असे आम्हीसुद्धा समजत होतो. ते चाचांच्या पावलांकडे बघत असत. कान अर्धे गेलेल्या माणसांना ढोल पोटात जाणवतो, पण तो नेमका कधी पडणार हे चालणाऱ्या पायावरून आधी कळते. खुर्चीवर बसल्यावर पाय चालायचे थांबले, आणि वर सगळ्यांची एकमेकांकडे पाठ. मी आजही कुठल्या बैठकीला गेले तर वाजवणाऱ्याच्या हातांआधी पायांकडे बघते. बहुतेकांचा एक अंगठा हलत असतो.

व्यंकय्याकाका अप्पांच्या समोर जाऊन वाकले. "मास्तर, उठा वो. खाली उतरू. नेहमीसारखी फेरी मारू, चहा पिऊ. खुर्च्या कुटं पळून जात न्हाईत."

"मी उठनार न्हाय," अप्पा म्हणाले.

त्यांना वाटत होते ते हळू बोलत आहेत. साचेखात्यातल्या माणसाचा हळू आवाज अंगणाच्या टोकापर्यंत जातो. 

"तसं न्हवं मास्तर, ताल जुळंना..."

"तुमी उतरा. ज्याला चालायचं त्यानं चाला. मी हितंच बसनार."

"आणि यमन?"

 अप्पा बसले तर यमन वाजत नव्हता, उठले तर तो आणखी एकदा उभ्याने, अर्धाच राहणार होता. त्यांनी मान वर केली आणि लोकांवरून नजर फिरवत अव्वापाशी आणली. अव्वाने आवाज न काढता, ओठ नीट हलवून एक शब्द म्हटला. "कुंद्री." आमच्या घरच्या कानडीत, बसा. आणि तळहात खाली करून दाबून दाखवला.

अप्पांच्या मागे उभ्या असलेल्या चाचांनीही तो वाचला. खात्यातच ते दोघे शेजारच्या साच्यावर होते. "भाबी बोलती बैठ, तो बैठ," ते म्हणाले. त्यांनी स्टुलावरचा ढोल उचलला, पट्टा गळ्यात घातला आणि फळ्यांवरून खाली उतरले. "चलो रे, सब नीचे. मास्तर बैठेगा. अपन फिरेंगे."

फळ्यांवर फिरायला जागा नव्हती, म्हणून व्यंकय्याकाका आणि दोघे बाजेवाले यांनी अप्पांची खुर्ची अप्पांसकट उचलली आणि अंगणात आणून ठेवली. अप्पांनी एका हाताने क्लॅरिनेट छातीशी धरले होते, दुसऱ्याने खुर्चीची कड. दोन बोटे आखूड विजारीतून त्यांच्या नडग्या दिसत होत्या. "बया, मास्तरच नवरदेव झाला की!" बायजाक्का म्हणाली. तिच्या ओठांवरून अप्पांनी ते वाचले आणि त्यांना हसू आले. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा हसले. लोकांनी सतरंज्या ओढून मागे घेतल्या, खाटा उचलून भिंतीला लावल्या, मधे एक मोठा गोल मोकळा झाला.

तेरा जण त्या गोलात चालू लागले. पायांत चपला होत्या त्या त्यांनी काढल्या. का काढल्या ते मला माहीत नाही, कोणी सांगितले नव्हते. चाचांनी दांडी कमरेला खोचली आणि ढोलावर नुसता तळहात मारायला सुरुवात केली, दोन पावलांना एक. मोठ्या बाज्याने एकच सूर धरून ठेवला. अप्पा खुर्चीवर बसून समोरून जाणारी अनवाणी पावले बघत राहिले. एक पूर्ण फेरी त्यांनी नुसती बघितली. मग वाजवायला सुरुवात केली.

यमन कसा झाला हे माझ्याने सांगवणार नाही. मला दिसले ते असे, की सुरुवातीला पोरे चुळबुळत होती आणि म्हाताऱ्या पानाचे डबे उघडत होत्या. काही फेऱ्यांनंतर डबे उघडेच राहिले. चालणाऱ्यांची गती हळूहळू वाढली, कोणी वाढवली ते कळले नाही. पावलांनी धूळ उडत होती आणि बल्बच्या उजेडात ती गुडघ्यांपर्यंत दिसत होती. मधेच भिंतीकडचा एक तरुण ओरडला, "मास्तर, नाचायचं काय तरी घ्या की!" अव्वाने मागे वळून त्याला आवाज काढून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे सांगितले, "तुझ्या लग्नात नाच. आत्ता बस." तो बसला. व्यंकय्याकाका त्याच्यासमोरून चालत जाताना कॉर्नेट तोंडापासून न काढता डोळ्यांनीच त्याला "गप बे" म्हणाले.

शेवट आला तेव्हा चालणारे थांबले, एकाच पावलावर सगळे, आणि अप्पांचा सूर थोडा पुढे जाऊन थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी भज्यांची परात आणली आणि सगळे तिकडे वळले. अप्पा खुर्चीवरच बसून राहिले. अव्वाने त्यांना कपात चहा नेऊन दिला. पाहुण्याला देतात तसा, बशीसकट.

यात वाढवून लिहावे असे काही नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा पहिल्या पाळीला गेले. पुढच्या सराईत वैरागलाही गेले, आणि तिथे उभ्यानेच वाजवले. बसून यमन त्यांनी पुन्हा वाजवला नाही, आणि तसे मनात आहे असेही कधी म्हणाले नाहीत. चाळीची संध्याकाळ पुढच्या वर्षी पुन्हा फेरीचीच झाली. मात्र त्यानंतर कुठेही पंगती बसल्या की रशीदचाचा न सांगता अप्पांसमोर दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे असे फिरू लागले. जेवणारे लोक म्हणत, याला बसवत का नाही? चाचा म्हणत, "खाना पचारूँ."

त्या संध्याकाळी खुर्च्या परत न्यायला काशिनाथ परात रिकामी व्हायच्या आतच आला. त्याने घडी घालून खुर्च्या मोजल्या. तेरा भरल्या, चौदावीवर अप्पा होते.

"भाडं चार आण्यानं साडेतीन रुपये," तो म्हणाला.

"अरे, दो गाने भी नै बैठे," चाचा म्हणाले. "आधा गाना तो मैंने उठके निकाला. दो रुपये ले."

"चाचा, बसला न बसला ते मी बघत न्हाय. खुर्ची गाडीवर चढली की भाडं चढलं."

"गाडी का भी लेगा क्या अब?"

"गाडीचं माफ केलंय म्हणून तर बोलतोय."

मी वर्गणीतून साडेतीन रुपये मोजून पुढे केले. अप्पांनी ते बघितले, खुर्चीवरून उठले, ती स्वतः मिटली आणि हातगाडीवर इतर खुर्च्यांच्या वर ठेवली. मग माझ्या हातातल्या पैशांतून एक पावली काढून मला परत दिली.

"ही खुर्ची वर्गणीत धरू नको," ते म्हणाले. "हिच्यावर मी बसलोय."

तेरा खुर्च्यांचे सव्वातीन रुपये वर्गणीतून काशिनाथला दिले. चौदाव्या खुर्चीचे पंचवीस पैसे अप्पांनी लाल कोटाच्या आतल्या खिशातून काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. काशिनाथने ते बाकीच्या पैशांत न मिसळता वरच्या खिशात टाकले, आणि गाडी ढकलत नेली.